मोडी कागद वाचवायचा, तर तो वाचताही आला पाहिजे

'इहिदे सितैन मया व अलफ.'

पेशवाईतल्या पत्रांत, सनदांत, हिशेबांत अशा ओळी जागोजागी भेटतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा मंत्र वाटेल, पण तो साधा आकडा आहे. अरबी संख्याशब्द मराठी जिभेवर रुळून असे झाले. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. आपण आकडा बोलताना हजारापासून खाली उतरतो, इथे तो एककापासून वर चढतो. बेरीज होते ११६१. हा सुहूर सन. त्यालाच मृगसाल म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे वर्ष लागतं. त्याचा इसवी सन काढायचा तर डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंतचं हे वर्ष. पानिपतचं वर्ष.

आता समजा, असा एक कागद आज कुणीतरी उत्तम कॅमेऱ्याने टिपला. अक्षर न अक्षर स्पष्ट आलं. फाइलीला कॅमेऱ्याने स्वतःच एक नाव दिलं, नुसता क्रमांक. तशाच आणखी हजारो फाइलींबरोबर ती एका डिस्कवर जाऊन बसली. काही वर्षांनी पानिपतावर काम करणारी एखादी विद्यार्थिनी त्या डिस्कमध्ये '१७६१' असं शोधते. काहीच सापडत नाही. 'पानिपत' टाकून बघते, तरी नाही. कागद रुमालात बांधलेला होता तेव्हा जितका हरवलेला होता, तितकाच तो आजही हरवलेला आहे. फक्त आता तो डिस्कमध्ये हरवला आहे.

'डिजिटल जतन' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्कॅनर येतो. मी हौसेने मोडी शिकले, घरचे आणि ओळखीच्यांचे कागद लावायला लागले, तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे तोच होता. फोटो काढले की काम संपलं, असं वाटायचं. हळूहळू कळलं की तो या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम त्यानंतरचं: कागदाची नोंद करणं, तो वाचणं, ते वाचन शोधता येईल अशा रूपात ठेवणं आणि हे सगळं पन्नास वर्षांनी उघडेल याची तजवीज करणं. मराठीत 'वाचणं' या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत, आणि मोडी कागदाच्या बाबतीत ते दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

किल्ले आणि लेणी यांचं लेझरने केलेलं त्रिमितीय मोजमाप, चित्रांच्या रंगांचं विश्लेषण, हाही याच विषयाचा भाग आहे. पण इथे मी कागदाबद्दल आणि थोडं आवाजाबद्दल बोलणार आहे. ती वाट मला पायाखालची आहे.

रुमालात काय आहे

पुण्याच्या पुरालेखागाराला लोक अजूनही पेशवे दफ्तर म्हणतात. तिथले कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, आणि त्या गठ्ठ्याला म्हणतात रुमाल. आत कोट्यवधी कागद आहेत: पत्रं, जमाखर्च, रोजकीर्दी, इनामांचे दाखले, खटले. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या आगेमागे यातून निवडून ४५ खंड छापले. तरीही दफ्तराच्या मानाने ती ओंजळच. त्याआधी १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला होता. पुढे खंडांची संख्या २२ झाली. १९१० मध्ये त्यांनी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, आणि गावोगावचे कागद जमा व्हायला एक घर मिळालं. महाराष्ट्राबाहेर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही भोसले राजांच्या कारभाराची मोडी दफ्तरं आहेत. आणि मग राहतात ती घरं. कुलकर्ण्यांची, देशमुखांची, पाटलांची, जोशांची. माळ्यावर, देवघराच्या फडताळात, पत्र्याच्या पेटीत.

या कागदांचे वैरी सगळ्यांना ठाऊक आहेत: वाळवी, कसर, ओल, उंदीर. पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. जुनी शाई बहुतेक काजळाची, डिंकात खललेली. तिला उन्हाचं भय नाही, दोनशे वर्षांनीही ती काळीकुळकुळीत दिसते. पण पाणी लागलं की फुटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या घरांत पाणी शिरलं. २०१९च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली. आणि आगीला तर नव्या-जुन्याचा भेदच नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटलं, त्यात आजच्या कारभाराच्या फाइली जळाल्या. प्रत दुसरीकडे असती तर, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी उशिरा विचारला जातो.

फोटो काढताना

प्रत काढायची तर ती नीट काढावी. जुना कागद सपाट काचेच्या स्कॅनरवर दाबू नये, घड्यांवर तो तुटतो. वर आडव्या दांड्याला कॅमेरा, खाली कागद आणि दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश, ही मांडणी चांगली. कागदाशेजारी एक मोजपट्टी आणि एक रंगपट्टी ठेवतात. मोजपट्टीमुळे मूळ आकार कळतो. रंगपट्टीमुळे पुढच्या माणसाला कळतं की कागद खरोखर पिवळा होता की दिव्याने तो पिवळा केला.

मोबाइलवर कागद 'साफ' करून देणारी ॲप्स आहेत. ती पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करतात, अक्षरं गडद करतात आणि कडा कापतात. विजेच्या बिलासाठी उत्तम, जुन्या कागदासाठी घातक. अशा साफसफाईत कागदाचा पोत, फिकट शिक्का आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात घातलेला शेरा बेमालूम पुसला जातो. पत्र कधी पोचलं ते मिळणाऱ्या कचेरीत त्यावर नोंदलं जाई, त्याला पैवस्ती म्हणतात. पत्र निघाल्याची तारीख आत आणि पोचल्याची तारीख अशा शेऱ्यात. दोन्हींमधलं अंतर मोजलं की निरोप किती दिवसांत पोचला ते समजतं. लढाईच्या काळात याहून मोलाची माहिती कोणती? कडा कापली की ती गेली.

मोडी कागदांत लांबट बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या, एकाखाली एक चिकटवलेले असतात. सांध्यावर मागून शिक्का किंवा शेरा असतो, मधला बंद कुणी बदलू नये म्हणून. तेव्हा पाठ कोरी दिसली तरी पाठीचाही फोटो काढायचाच.

आता थोडा हिशेब. साधारण ए-फोर आकाराचं एक पान, दर इंचाला ४०० ठिपके या बारकाव्याने, पूर्ण रंगात टिपलं तर सुमारे दीड कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले की एका पानाची न दाबलेली फाइल साधारण ४६ एमबीची. असली पूर्ण प्रत टिफ या प्रकारात ठेवतात, कारण त्यात काहीही गाळलं जात नाही. रोज पाहायला जेपेगची हलकी प्रत वेगळी काढतात. एक लाख पानांच्या टिफ प्रतींना साडेचार टीबीहून जास्त जागा लागते, एक कोटी पानांना त्याच्या शंभरपट. सगळं काही स्कॅन करून टाका, असं म्हणणं सोपं आहे. ती जागा विकत घेणं, दर काही वर्षांनी डिस्क बदलणं, त्यासाठी माणूस ठेवणं हा कायमचा खर्च आहे. अनेक उत्साही उपक्रम इथेच थांबतात. फोटो काढायला निधी मिळतो, फोटो सांभाळायला मिळत नाही.

नोंद, म्हणजे सगळं काही

प्रत्येक फोटोबरोबर एक माहितीपत्रक असावं लागतं. हा कागद कुणी कुणाला लिहिला, कधी, कुठून, कशाबद्दल, कुठल्या रुमालातला आहे, किती पानं आहेत, कुठे फाटला आहे. इंग्रजीत याला मेटाडेटा म्हणतात, मला आपला 'नोंद' हा शब्द पुरतो. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण विद्या असेल तर इथेच आहे.

तारीखच घ्या. पानिपतची लढाई झाली तो दिवस इसवी सनाप्रमाणे १४ जानेवारी १७६१. शालिवाहन शकाप्रमाणे तो पौष शुद्ध ८, शके १६८२. सुहूर सन ११६१. फसली ११७०. हिजरी ११७४. एकच दिवस, पाच वर्षांक. कुठला लेखक कुठली कालगणना वापरेल ते कामावर अवलंबून. भटजींच्या कागदात शक, महसुलात फसली, सरकारी पत्रात सुहूर. त्यात चंद्रतारीख असेल तर 'छ' लिहून पुढे आकडा आणि महिना मोहरम, सफर, जमादिलाखर असा. नोंद करणाऱ्याने कागदात आहे तशी तारीख लिहायची, आणि तिच्याशेजारी, वेगळ्या रकान्यात, इसवी सनातली. मूळ तारीख पुसून फक्त इसवी सन लिहिला आणि रूपांतर चुकलं, तर ती चूक पुढे कुणालाच पकडता येत नाही.

गावांची नावं हा दुसरा पेच. 'खडकी' म्हणजे पुण्याजवळची, जिथे १८१७ मध्ये लढाई झाली ती? की मलिक अंबराने वसवलेली, जी पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे ती? करवीर म्हणजे कोल्हापूर, मुर्तजाबाद म्हणजे मिरज. ही जोडणी नोंदीत केलेली नसेल तर 'मिरज' शोधणाऱ्याला मुर्तजाबादचा कागद कधीच भेटणार नाही. संगणकाला भूगोल येत नाही आणि इतिहासही येत नाही. त्याला आपण सांगू तेवढंच कळतं.

आणखी एक गोष्ट नव्या उत्साहात हमखास बिघडते, ती म्हणजे क्रम. पेटीतले कागद काढले की लग्नाचे एकीकडे, जमिनीचे एकीकडे अशी वर्गवारी करायचा मोह होतो. मीही केली आहे, आणि ती चूक आजही सलते. कागद कुणाच्या शेजारी बांधला होता, हीदेखील माहिती असते. ज्या पत्रावर नाव नाही त्याचा लेखक शेजारच्या पत्रामुळे ओळखता येतो. तो शेजार मोडला की ते कायमचं गेलं. आधी आहे त्या क्रमाने फोटो आणि क्रमांक, मग हवी ती वर्गवारी संगणकात करा. तिथे एकच कागद दहा वर्गांत ठेवता येतो.

अक्षरं संगणकाला कशी कळतात

फोटोतलं 'क' हे संगणकासाठी अक्षर नसतं, ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र असतं. अक्षर व्हायला त्याला क्रमांक लागतो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या क्रमांकांची सर्वमान्य यादी. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. मोडी 'क'चा ७११८२. मोडीला ही जागा जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मिळाली. लिपीतज्ज्ञ अंशुमन पांडे यांनी त्यासाठी रीतसर प्रस्ताव दिला होता.

क्रमांकाला एवढं महत्त्व का, हे मराठीत डीटीपी केलेल्या कुणालाही पटकन कळेल. युनिकोड रुळण्याआधी आपल्या फाँटांत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेलं असे. तोच फाँट संगणकात असेल तर मराठी दिसायची, नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. पंचवीस वर्षांपूर्वी मेहनतीने टाइप केलेले दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध आज असेच अडकून पडले आहेत. फाइल आहे, पण मराठी नाही. मोडीचे सुरुवातीचे फाँटही याच युक्तीने केलेले होते. म्हणून २०१४ची ती नोंद मला मोठी वाटते. आता मोडीत लिहिलेला मजकूर फाँट बदलला तरी मोडीच राहतो.

पण चित्रापासून क्रमांकापर्यंत जायचं कसं? छापील देवनागरी वाचणारी यंत्रणा आता बरीच चांगली चालते. मोडीत ती अडखळते, आणि त्याची कारणं लिपीच्या स्वभावातच आहेत. मोडी भरभर लिहायची लिपी. लेखक आधी पानभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओवत जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद साधारणपणे नाही, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच. जोडून लिहिलेलं 'मानकरी' हे पद आहे की 'मान करी' असे दोन शब्द, ते संदर्भावरून ठरवायचं. त्यात शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं, आंग्लकालीन वेगळं. एकाच काळातले दोन कारकूनही सारखं लिहीत नाहीत.

संगणकाला हे शिकवायचं म्हणजे त्याला जोड्या दाखवायच्या: हा फोटो, हे त्याचं देवनागरी लिप्यंतर. अशा पुरेशा जोड्या पाहिल्या की तो नव्या फोटोवर अंदाज बांधतो. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी तिन्ही कालखंडांच्या मोडी कागदांचे दोन हजारांहून अधिक फोटो आणि त्यांची जाणकारांनी केलेली लिप्यंतरं असा संच तयार केला आणि त्यावर मोडीचं देवनागरी करणारी यंत्रणा बसवली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' या मोहिमेची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंद आणि जतन यांसाठी. दोन्ही बातम्यांनी मला मनापासून आनंद झाला.

सोबत एक काळजीही आहे. जुनी यंत्रणा चुकायची तेव्हा निरर्थक अक्षरं द्यायची, म्हणून चूक लगेच दिसायची. नवी यंत्रणा चुकते तेव्हा सुबक, व्याकरणशुद्ध आणि खोटं वाक्य देऊ शकते. फाटलेल्या जागी तिथे शोभेल असा शब्द भरते. ज्याला मोडी येत नाही त्याला ही चूक दिसूच शकत नाही. म्हणून यंत्राने केलेलं लिप्यंतर आणि माणसाने तपासलेलं लिप्यंतर, हे नोंदीत ठळकपणे वेगळं दाखवायला हवं. यंत्राचा खरा उपयोग चाळणीसारखा करावा. लाख कागदांतून 'या दोनशे कागदांत पानिपतचा उल्लेख असावा' एवढं त्याने सांगितलं तरी एका माणसाचं आयुष्य वाचतं. ते दोनशे कागद मग डोळ्यांनी वाचायचे. मोडीचे वर्ग बंद करून हे काम यंत्रावर सोपवता येणार नाही. यंत्राला शिकवायला आणि त्याची चूक धरायला मोडी वाचणारी माणसंच लागतात.

बायांचा आवाज

कागदात बाया फार कमी आहेत. त्यांची भाषा जात्यावर होती. पहाटे दळताना गायच्या ओव्यांत माहेर, भाऊ, विठ्ठल, सीता, सासूचा जाच, पोटचं लेकरू, आणि पुढच्या काळात बाबासाहेबही. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि हातातलं काम थांबलं तशी ओठांवरची ओवीही थांबली.

हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात ओव्या टिपायला सुरुवात केली. तो संग्रह वाढत वाढत एक लाखाहून अधिक ओव्यांवर गेला, हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांवर बायांच्या ओव्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या संशोधकाने शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण आणि लिहिलेला मजकूर यांची सांगड घालणारा संगणकीय संग्रह उभारला. आता तो 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, यांच्याकडे आहे. २०१७ पासून तिथे ओव्या आवाजासह, मजकुरासह आणि भाषांतरासह येत आहेत. काही गावांत तर ती मंडळी पुन्हा गेली आणि त्याच बायांना, किंवा त्यांच्या लेकीसुनांना भेटली.

टेपवरचा आवाज डिजिटल करायला घाई चालत नाही. तासाभराची टेप तासभर वाजवावीच लागते. बारकाव्याने घेतलेल्या एका तासाच्या ध्वनीला दोन जीबी लागतात. पण मला या संग्रहात सगळ्यात मोलाची वाटते ती पुन्हा नोंदच. प्रत्येक ओवीशी गाणारीचं नाव आणि गाव जोडलेलं आहे, आणि विषयवार वर्गीकरण इतकं बारीक आहे की भावाबद्दलच्या ओव्या एकत्र काढता येतात. शतकानुशतकं ओवी कुणाची होती? कुणाचीच नाही, 'बायांची'. इथे पहिल्यांदा ती रचणारीच्या, गाणारीच्या नावावर लागली. एका साध्या रकान्याने हे घडवलं.

पन्नास वर्षांनी उघडेल का

इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये आपल्या राज्यातल्या जमिनीजुमल्याची मोजदाद करून घेतली, ती चामड्यावर लिहिलेली वही आजही वाचता येते. तिला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लोकांकडून नवी माहिती जमवून ती लेझर डिस्कवर साठवली. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला संशोधकांना खास खटपट करावी लागली. आपल्याकडच्या फ्लॉप्या आठवा. लग्नाच्या सीड्या आठवा.

म्हणून फाइली खुल्या आणि सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात ठेवायच्या, दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवायच्या, आणि किमान तीन प्रती ठेवायच्या. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात. मूळ कागद, डिस्क आणि तिची प्रत, तिन्ही एकाच नदीच्या काठावर असतील तर त्या तीन प्रती नव्हेत.

फाइल पडून पडूनही बिघडते. डिस्कवरचा एखादा ठिपका उलटतो आणि कुणाला कळतही नाही. त्यासाठी चेकसम नावाची सोय आहे. संगणक संपूर्ण फाइल गणिताच्या एका रीतीतून गाळतो आणि अक्षर-आकड्यांची एक ओळ देतो, फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. एका पानातला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. ठसे आधी लिहून ठेवले आणि दरवर्षी पडताळले, की बिघडलेली फाइल कळते आणि दुसऱ्या प्रतीतून दुरुस्त करता येते. अशी पडताळणी करणारी साधनं फुकट मिळतात.

मूळ कागदाचं काय? तो कधीही टाकायचा नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली, तेव्हा जुनी सरकारी दफ्तरं उघडली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांना अचानक बोलावणी आली. एका शब्दावर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून होता. अशा वेळी फोटोवर शंका आली तर मूळ कागदाकडेच जावं लागतं: शाई एकाच वेळची आहे का, शब्द नंतर घातला आहे का. जमिनीचा वाद उभा राहील या भीतीने पुष्कळ घरं कागद दाखवत नाहीत, तेही मला समजतं. अशा घरांसाठी 'जतन आता, खुलं पन्नास वर्षांनी' असा करार करता येतो. कागद वाचण्यासाठी तो लगेच सगळ्यांना दाखवलाच पाहिजे असं नाही.

तुमच्या घरी पेटी असेल तर तिच्यातल्या कागदांना लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेपही लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून स्वच्छ सुती कापडात बांधा. मोबाइल असेल तर मोबाइलनेच फोटो काढा, पण फिल्टर न लावता, खिडकीच्या उजेडात, पाठपोट, शेजारी पट्टी ठेवून. फाइलीच्या नावात पेटीचा आणि कागदाचा क्रमांक घाला. कागदावर पेनने काहीही लिहू नका. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर हे कागद कुणाचे, कसे आले, ते आजच विचारून त्यांच्याच आवाजात टिपून ठेवा.

आमच्या घरच्या पेटीत शके १७७३ची, म्हणजे १८५१-५२ची, लग्नाच्या खर्चाची याद निघाली. गहू, गूळ, तेल, पागोटी, वाजंत्री. एका ओळीत दोन रुपये आहेत. कशाचे, ते आम्ही तिघांनी वाचलं. एकाने वाचलं 'माळी', म्हणजे फुलं पुरवणाऱ्याला दिलेले. दोघींनी 'माळा'. शाईचा थेंब नेमका शेवटच्या स्वरचिन्हावर पडला आहे. तिरप्या उजेडात पाहिलं, फोटो मोठा करून पाहिला, पण उलगडलं नाही. नोंदीत आता असं आहे: पेटी १, कागद ३७, ओळ ११, 'माळी' किंवा 'माळा', अनिश्चित, स्वरचिन्हावर डाग.